पिवळी रेघ

"बाबा, हे बघा," म्हणत मुलीने पिस्टन जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला.

पिस्टनच्या माथ्याला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. भोकाच्या कडा मेणासारख्या ओघळून तशाच थिजल्या होत्या. उस्तादाने चष्मा पुढे ओढून नीट बघितल्यासारखं केलं. खरं तर बघायची काहीच गरज नव्हती. सकाळी मोटरसायकल टेम्पोतून उतरवली तेव्हाच तो काय ते समजला होता.

"वितळलाय," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. का वितळला ते सांगा."

उस्तादाने उत्तराऐवजी पान्हा पुसायला घेतला. पान्हा आधीच स्वच्छ होता.

"ठिणगी पडायचं माझंच टायमिंग चुकलं असणार," मुलगी म्हणाली. "ठिणगीचा डबा मी निवडला, वायरिंग मी केलं. इंजिनाला दोष देऊन काय उपयोग?" आणि ती गाडीच्या पोटाखाली शिरून एकेक वायर तपासू लागली. उस्ताद तिच्या पाठीकडे बघत राहिला. त्याच्या मनात आलं, आत्ता सांगावं, आत्ता ती वळलेली नाही तोवर सोपं आहे. पण त्याने तोच पान्हा पुन्हा पुसायला घेतला.

उस्ताद हे काही त्याचं नाव नव्हे, पण बायकोसुद्धा लोकांपुढे त्याला तसंच म्हणायची. हा माणूस कार्बोरेटरचा, म्हणजे इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून देणाऱ्या भांड्याचा. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की दुकानात बसल्या बसल्या तो सांगायचा, हिची हवा जास्त झालीय, हिचा फ्लोट अडकतोय. आणि त्याची खरी ख्याती होती ती पेट्रोल वाचवण्याची. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी तेवढ्याच पेट्रोलमध्ये एक गाव जास्त जाते, असं लोक म्हणत. सगळं झाल्यावर शेवटी तो पेट्रोल थोडं आणखी आवळायचा. घरीही तेच. गॅसची ज्योत बारीक, नळाची धार बारीक. बायको म्हणायची, "या माणसाचं चाललं तर चहासुद्धा बिनपाण्याचा करेल."

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांच्यात कार्बोरेटरच नाही. टाकीत पंप, इंजिनाला कॉम्प्युटर, आणि दुखणं काय ते सांगायला कान नव्हे तर यंत्र लावायचं. उस्तादाकडे उरले जनरेटर आणि गवत कापायची यंत्रं. मुलीने मात्र तीच नवी विद्या शिकून घेतली, मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली, आणि एक दिवस नोकरी सोडून बापाच्याच शेडमध्ये स्वतःच्या हाताने गाड्या घडवायचं वर्कशॉप काढलं. भिंतींना चुना लागला. प्रत्येक पान्ह्याला खिळा मिळाला, आणि खिळ्यामागे त्या पान्ह्याचं चित्र. नट आवळून झाला की ती त्याच्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून एक बारीक पिवळी रेघ मारायची. नट जरा जरी हलला तरी रेघ तुटलेली दिसते. उस्ताद तिची थट्टा करायचा. "शाळेतल्या बाई वह्या तपासतात तसं चाललंय तुझं. आमच्या वेळी हाताला कळायचं."

अशात तो दातांचा डॉक्टर आला. त्याच्याकडे जोड सिलिंडरची इंजेक्शनची मोटरसायकल होती. ती पार सोडवून, नवी चेसिस घालून, इंजेक्शन काढून तिला दोन कार्बोरेटर बसवायचे होते. लोक उलट्या दिशेने जात असताना याला मागे यायचं होतं. "मूठ पिळली की खालून श्वास घेतल्याचा आवाज आला पाहिजे," तो म्हणाला. "वडिलांच्या गाडीचा यायचा तसा." मुलीची ही पहिली पूर्ण गाडी. डॉक्टर मोठ्या वर्तुळात वावरणारा. गाडी मनासारखी उतरली तर पुढचं काम आपोआप येणार होतं, आणि फसली तर सर्व्हिस सेंटरचा निळा शर्ट पुन्हा अंगावर चढणार होता. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाबा, कार्बोरेटर तुम्ही बघायचे," ती म्हणाली, तेव्हा उस्तादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या दिवशी तो दाढी करून शेडमध्ये आला.

बापलेकीने मिळून काय काम केलं! टाकीतला पंप उपटून भोक बुजवलं, खाली साधा कॉक बसवला, कारण पंपाच्या जोराने कार्बोरेटर भरून वाहिले असते. कॉम्प्युटर काढल्यावर ठिणगी कोण पाडणार, म्हणून मुलीने वेगळा डबा लावला. उस्तादाने कार्बोरेटर इतके जुळवले की दोन्ही सिलिंडर एका सुरात धडधडू लागले. राहिले फक्त जेट, म्हणजे पेट्रोल ज्यातून वर येतं ते भोकाचे पितळी खिळे. मुलीने गाडी पळवून, प्लगचा रंग बघून, मोठ्या भोकाचे जेट घातले. "हे इंजिन तापट आहे बाबा. याला पेट्रोल भरपूर लागतं, तेच त्याला थंड ठेवतं. हे आता हलवायचे नाहीत."

"बरं," उस्ताद म्हणाला.

आणि ती मडगार्ड रंगवायला द्यायला गेली त्या दुपारी त्याने ते हलवले. प्लग त्याला काळपट वाटले. पेट्रोल फुकट जातंय हे काही त्याला बघवेना. कार्बोरेटर गाडीवरून न उतरवता, खाली हात घालून, बिनचष्म्याने, नुसत्या बोटांनी त्याने खालच्या वाट्या सोडवल्या आणि आपल्या डबीतले बारीक जेट घातले. गाडी सुरू केली तर आवाज कसा खणखणीत! मुलगी परत आली ती दारातच थबकली. "बाबा, काय केलंत? काय सुरेख बोलतेय!"

"हाताचा गुण," उस्ताद म्हणाला. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि डॉक्टरला फोन करून सांगितलंसुद्धा, आमच्या बाबांच्या हाताला तोड नाही. आता त्याला आठवत होती ती नेमकी ही थाप. इंजिन उपाशी चाललं की काही काळ असंच खणखणीत बोलतं, हे त्याला कळायला नको होतं? घाटाच्या लांबलचक चढावर डॉक्टरने मूठ पूर्ण पिळली, आणि पिस्टन वितळला.

"वायरिंग ठीक आहे," मुलगी गाडीखालून बाहेर येत म्हणाली. हात पुसत तिने बाकावर उतरवून ठेवलेल्या कार्बोरेटरांकडे बघितलं, मग बापाकडे. "मी सिलिंडर घेऊन लेथवाल्याकडे जाऊन येते. वेळ लागेल. तुम्ही आहात ना इथे?"

"आहे की. जाऊन कुठे जातोय?"

ती गेली. उस्ताद बराच वेळ बसून राहिला. मग उठला. तिचे मोठे जेट त्याने फेकले नव्हते, डबीत होते. नजर दारावर आणि हात खाली, अशा रीतीने त्याने वाट्या उघडल्या, बारीक जेट काढून शर्टाच्या खिशात टाकले, मोठे जागेवर बसवले. आयुष्यात हजारो कार्बोरेटर उघडले असतील त्याने, पण चोरासारखा एकही उघडला नव्हता. स्क्रू हातातून निसटून दोनदा खाली पडला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं; पण काम त्याने पुरं केलं.

मुलगी परत आली. तिने एक वाटी उघडली, जेट उजेडात धरून त्याच्यावरचा आकडा वाचला. 

"माझेच आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "म्हणजे पेट्रोलचा प्रश्न नव्हता."

"नसेल," उस्ताद म्हणाला.

संध्याकाळच्या आधी डॉक्टर आला. भोक पडलेला पिस्टन हातात घेऊन, किडका दात बघावा तसा त्याने तो फिरवून फिरवून बघितला.

"कशामुळे झालं हे?"

"चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. "इंजिन मी नीट करून देईन. पण पुढचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाकडे दिलंत तरी मला वाईट वाटणार नाही."

डॉक्टर भला माणूस होता, ओरडला नाही. उलट समजुतीने उस्तादाकडे वळून म्हणाला, "पोरगी नवखी आहे, मान्य. पण उस्ताद, तुम्ही तरी लक्ष ठेवायचं होतं तिच्यावर."

मुलीने मान खाली घातली. उस्तादाला ती मान दिसली, आणि मानेवर लागलेला ग्रीसचा डाग दिसला. लहानपणी शेडमध्ये खेळून घरी जाताना तो तिची मान रॉकेलच्या फडक्याने पुसून द्यायचा. त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला. दोन पितळी जेट त्याने पिस्टनशेजारी ठेवले.

"हे तुमच्या गाडीत होते," तो म्हणाला. "मी घातले. तिने घातलेले काढून. तिने सांगितलं होतं हलवू नका म्हणून."

"पण का?" डॉक्टरने विचारलं.

"पेट्रोल वाचावं म्हणून."

डॉक्टर गोंधळला. "अहो, पण पेट्रोल वाचवा असं कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही," उस्ताद म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आणि आज दुपारी मी तिचे जेट परत बसवले. कुणाला कळू नये म्हणून. तिची काहीसुद्धा चूक नाही. नवखी ती नाही डॉक्टर. तिने केलं होतं ते बरोबर होतं."

डॉक्टरला कुठे बघावं कळेना. पिस्टन खाली ठेवून तो म्हणाला, "मग... इंजिन तुम्हीच करा, बाई. जेट तुमचेच घाला." आणि जाताना, का कोण जाणे, उस्तादाला मान लववून गेला. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेडमध्ये दोघंच राहिली. मुलगी उघडलेली वाटी परत बसवू लागली.

"तुला माहीत होतं," उस्ताद म्हणाला.

तिने दुसरा कार्बोरेटर उलटा करून त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावला. वाटीच्या चारही स्क्रूंवर पिवळ्या रेघा होत्या, आणि चारही तुटलेल्या. अर्धी रेघ स्क्रूवर, अर्धी भलतीकडेच. इतकी वर्षं बोटांनी काम केलं, पण रंग काही बोटांना कळत नाही.

"टेम्पोतून उतरली तेव्हाच बघितलं. तरी आधी माझं सगळं तपासलं, म्हटलं उगाच तुमच्यावर कशाला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मुद्दाम बाहेरही गेले. म्हटलं, एकटे बसतील, विचार करतील. परत आले तर जेट माझेच." ती थांबली. "तेव्हा मात्र बाबा, मला फक्त रडू यायचं बाकी राहिलं."

 माफ कर म्हणावं तर तो शब्द उस्तादाने तिच्याशी कधी वापरलाच नव्हता. त्याने वाटीचा राहिलेला स्क्रू उचलून तिच्यापुढे धरला.

मुलीने शेवटचा स्क्रू आवळला. मग फळीवरून रंगाची छोटी बाटली काढली, झाकण उघडलं, आणि बारीक ब्रश त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही मारा," ती म्हणाली.

त्याने ब्रश घेतला.  स्क्रूच्या माथ्यावरून सुरू होऊन शेजारच्या धातूवर उतरलेली रेघ वाकडी आली, जाड आली, वाटीवर एक ठिपकाही पडला. त्याने फडक्यासाठी हात पुढे केला.

"राहू दे," मुलगी म्हणाली, आणि त्याला पुढचा स्क्रू नीट दिसावा म्हणून तिने कार्बोरेटर उजेडाकडे वळवून धरला.