पुलाचं वाक्य

बाई शाळेतली नोकरी सोडून आमदार झाल्या, पण घंटेची सवय सुटली नाही. सभागृहात वेळ संपल्याची घंटा वाजली की वाक्य अर्धवट टाकून खाली बसायच्या. मागच्या अधिवेशनात गावच्या पुलाची मागणी अशीच तोंडात राहिली.

नणंद म्हणाली, "वहिनी, बाकीचे घंटेला भीक घालत नाहीत. तुम्हीच कशाला शाळा सुटल्यासारख्या पळता?"

आज पुन्हा पूल.

"नदीला पाणी आलं की अडलेल्या बाईला पलीकडच्या दवाखान्यात..."

घंटा.

बाईंचे गुडघे आपोआप वाकले. पण समोरच्या बाकाला धरून त्या पुन्हा सरळ झाल्या.

"बसा बाई," अध्यक्ष म्हणाले.

"बसते. आधी पुलाचं काम कधी सुरू होणार, ते सांगा."

मंत्री जागेवरूनच म्हणाले, "लवकरच."

"लवकर म्हणजे कधी?"

बाई उभ्याच राहिल्या. मंत्री कागद चाळू लागले.