मारीआयच्या दारात कोंबडा

सुनेनं सासूचं कौतुक करायचं ही काही जगाची रीत नव्हे. पण मी करते, आणि मोठ्यानं करते. ज्याला खोटं वाटेल त्यानं आमच्या दिग्गी गावात येऊन कुणालाही विचारावं, मारी कोण होती ते.

दिल्लीत इंग्रज बादशहाचा दरबार भरला त्या सालची गोष्ट. गोव्याकडून घाट चढून आलेली आम्हा किरिस्तांवांची पाच-सहा घरं दिग्गीच्या एका अंगाला होती. गवताच्या छपराचं एक कोपेल होतं, म्हणजे आमचं लहानसं देऊळ. गोव्याचा पाद्री अधूनमधून येऊन तिथं प्रार्थना चालवी. माझा सासरा इनास बैलांवर लादून घाटानं मीठ आणायचा. माझा नवरा कैतान रांगत होता तेव्हा घाटातच इनासाचा खून झाला. मारणारा परशू, बाजारकुणंगकडचा. त्याच्या नावावर आणखीही खून होते. त्याला काळ्या पाण्याची सजा झाली आणि इकडे मारीनं नाचणी पिकवून, कुणापुढं हात न पसरता, पोराला वाढवलं. ताठ बाई. त्या ताठ्याचा मला किती जाच झाला ते सांगायला बसले तर मूळ गोष्ट राहून जाईल.

सजा भोगून परशू म्हातारा होऊन परत आला. गावानं त्याला पाणी-विस्तव बंद केला, सख्ख्या पुतण्यानं दारातून हाकललं. थुंकीत रक्त पडत होतं. मरणापेक्षा मेल्यावर आपलं काय होईल याची त्याला जास्त धास्ती होती. किरिस्तांवांचा देव खुन्यालाही जवळ करतो असं त्यानं कुठंसं ऐकलं, म्हणून तो पाद्रीला गाठायला आला. पाद्रीनं सांगितलं, पश्चात्ताप खरा असेल तर देव कुणालाही घेतो. परशूला ते खरं वाटेना. तेव्हा पाद्री म्हणाला, एवढी भीती वाटत असेल तर मारीआयच्या पायाशी जा आणि सगळं सांग, तिनं आजवर कुणाला परत पाठवलेलं नाही.

पाद्री बोलत होता कोपेलातल्या देवाच्या आईबद्दल. पण आमच्या मुलखात मरीआई म्हणजे पटकीची देवी, आणि तिला कोंबडा लागतो. परशूनं कुठून तरी कोंबडा पैदा केला आणि वाटेत भेटलेल्या आमच्या गावच्या झिलूला विचारलं, मारीआय कुठं असते? झिलूनं सरळ आमच्या घराकडं बोट केलं, कारण सगळी दिग्गी माझ्या सासूला मारीआयच म्हणायची.

मी अंगणात भात कांडत होते, सासू पायरीवर बसली होती. समोर जिवंत बाई बघून तो जरा गोंधळला. मग त्याला वाटलं असावं की देवी हिच्याच अंगात येते. त्यानं कोंबडा तिच्यापुढं ठेवला, लोटांगण घातलं आणि एकेक पाप सांगायला लागला. शेवटी घाटातलं वळण आलं, मिठाचे बैल आले, दिग्गीचा इनास आला. माझ्या हातातलं मुसळ खाली पडलं. कैतान परसातून आला होता, त्यानंही ऐकलं. त्याच्या हातात कोयता होता.

"पाद्रीबाबानं सांगितलंय, तू कुनाला माघारी धाडत न्हाईस," परशू म्हणाला. "तेवढ्यावर आलोय, आये."

सासूचे ओठ पांढरे पडले. कैताननं पाऊल उचललं, तशी ती त्याच्याकडं न बघताच बोलली.

"थांब, कैतान. पाद्रीनं देवाच्या आयच्या नावानं शब्द दिलाय. त्यो माज्या दारात खोटा पडायचा न्हाई."

मग तिनं परशूला सांगून टाकलं, की तू शोधतोस ती मारी कोपेलात आहे, मी इनासाची बायको. तो ऐकून उठायला गेला, पळूनच जाणार होता, पण पायात बळ नव्हतं. तिनं त्याला दंडाला धरून उभा केला आणि कोपेलाकडं चालायला लागली. ती दया होती की हट्ट, मला आजही सांगता येणार नाही. देवाला दोन्ही चालत असावं. कोंबडा मात्र तिनं परत दिला नाही.

कोपेलात सगळी घरं जमली. पाद्रीनं परशूचं म्हणणं पुन्हा एकदा ऐकून घेतलं आणि विचारलं, याच्या बाप्तिस्म्याला धर्माची आई नाहीतर धर्माचा बाप म्हणून कोण उभं राहतं? सगळे जमिनीकडं बघायला लागले. आमच्यातलाच पेद्रू पुटपुटला की असल्यालासुद्धा आत घेतलं तर आपल्या देवाची पत काय राहिली.

"ह्येला न्हाई घेतला तर तुला तरी कशाला घेईल?" असं म्हणून मारी पुढं झाली.

पाद्री तिला ओळखून होता. त्यानं हळू आवाजात विचारलं, विचार केलास का? विचार केला असता तर आलेच नसते, असं तिनं सांगितलं. मग त्यानं रीतीप्रमाणे नाव विचारलं. आमच्यात धर्माची आई सांगेल ते नाव ठेवतात.

"इनास," मारी म्हणाली. "ह्येनंच त्ये नाव संपवलं. आता ह्येनंच चालवावं."

परशू लहान पोरासारखा रडायला लागला. पाद्रीनं तेच नाव घेऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं. मी दाराकडं बघितलं. कैतान उंबऱ्यात उभा होता, कोयता अजून हातातच. आपल्या बापाचं नाव त्या डोक्यावर पडताना त्यानं ऐकलं. मला वाटलं, हा आता निघून जाईल आणि आईशी जन्मात बोलणार नाही. त्यानं कोयता बाहेर टाकला, आत आला आणि आईच्या शेजारी गुडघे टेकले. माझी मान त्या दिवशी जी वर झाली ती अजून खाली आलेली नाही.