संदर्भ नसलेलं पत्र

ज्या दिवशी भास्करराव लंडनमध्ये अडकले, त्या दिवशी सकाळी ते रत्नागिरीच्या बाजारात, राम आळीत, दुधीला नख लावून बघत होते. मागून रघू आला. रघू हा त्यांचा कचेरीतला जुना सहकारी. "काय हो, लंडनहून कधी आलात? तिकडे दुधी मिळत नाही वाटतं," असं म्हणून तो एकटाच हसला. रघूला निवृत्तीनंतर दुसरा उद्योग राहिलेला नाही हे भास्कररावांना ठाऊक होतं. त्यांनी दुधीचे पैसे दिले आणि निघाले. घरी पोचेपर्यंत आणखी तिघांनी लंडनची चौकशी केली.

दारातच हेमा फोन हातात घेऊन उभी होती. "तुमची लेक आहे. विचारत्ये, बाबा लंडनला आले आणि मला साधं कळवलं नाही?"

वैदेही लग्न होऊन इंग्लंडात होती. तिच्याकडे जायचं म्हणून भास्कररावांनी तीन वर्षांपूर्वी पासपोर्ट काढला होता आणि ते गावभर सांगितलंही होतं. दर वर्षी काही ना काही निघायचं आणि पासपोर्ट कपाटात राहायचा. आता त्यांच्या नावानं, त्यांच्याच ईमेलवरून, त्रेसष्ट जणांना इंग्रजीत पत्र गेलं होतं. मी लंडनला एका परिषदेला आलो आहे, बॅग चोरीला गेली, पासपोर्ट आणि पैसे त्यातच होते, हॉटेलवाले सोडत नाहीत. त्यांच्या दिल्लीतल्या माणसाच्या खात्यावर जमेल ती रक्कम ताबडतोब भर, आलो की परत करीन. घरी कळवू नकोस, हेमा काळजी करील. खाली भास्कररावांचं नाव.

हे कसं झालं ते शोधायला पोलिसांची गरज नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांना एक पत्र आलं होतं, तुमचं खातं सात दिवसांत बंद होणार आहे, तरी सोबतचा तक्ता भरून पाठवावा. नाव, जन्मतारीख, व्यवसाय, पासवर्ड. दुसरा कोणी असता तर त्यानं ते तसंच टाकून दिलं असतं. पण भास्कररावांची चौतीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली होती, आणि मुदत घातलेलं पत्र त्यांनी जन्मात अनुत्तरित ठेवलं नव्हतं. त्यांनी उलट टपाली तक्ता भरला आणि खाली 'पोच मिळावी ही विनंती' असंही लिहिलं. पोच आली नाही, तेव्हा आठवड्यानं स्मरणपत्र पाठवलं. चोराला स्मरणपत्र पाठवणारा माणूस रत्नागिरीत एकच निघाला.

त्रेसष्ट पत्ते होते कारण भास्करराव निवृत्त कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे चिटणीस होते. पेन्शनचं कुठलंही परिपत्रक निघालं की ते सगळ्यांना पाठवायचे. हेमाचं नाव पत्रात कसं आलं, याचंही उत्तर तिथेच होतं. वैदेहीला लिहिलेली पत्रं त्याच खात्यात पडून होती आणि चोरानं ती वाचली होती. हे कळल्यावर भास्कररावांना पहिल्यांदा शिसारी आली.

वैदेहीनं तिकडून खटपट करून दोन दिवसांत खातं परत मिळवलं. त्याच खात्यावरून खुलासा पाठवला तर तो तरी कोण खरा मानणार, म्हणून फोनवरच भिस्त ठेवली. पण पुढचे आठ दिवस माणूस थकून गेला. पालीहून आतेभाऊ फोन करी, लोटे गावच्या कंपनीतला भाचा करी, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगावं लागे. नाही हो, मी घरीच आहे. नाही, बॅग जागेवर आहे. पैसे भरले नाहीत ना कोणी? छान झालं. बाजारात गेलं की लंडन, देवळात गेलं की लंडन. तिसऱ्या दिवशी त्यांना हसणंही जमेना. त्यांनी त्रेसष्ट नावांची यादी केली आणि ज्याच्याशी बोलणं झालं त्याच्या नावापुढे खूण करायला लागले.

आठव्या दिवशी बासष्ट खुणा झाल्या. एक नाव उरलं, अनिल भुवड, गुहागर.

त्याला फोन करायला भास्कररावांचा हात उचलला नाही. अकरा वर्षांत उचलला नव्हता. एकेकाळी दोघं एका टेबलाला समोरासमोर बसत, डबा एकत्र खात. अनिलच्या थोरल्याचं नाव भास्कररावांनी सुचवलेलं होतं. मग अठ्ठ्याण्णव साली एक फाईल गहाळ झाली. ती अनिलनं साहेबांच्या तोंडी सांगण्यावरून त्यांच्या बंगल्यावर नेऊन दिली होती. साहेबांनी कानांवर हात ठेवले. चौकशीत अनिलनं एकच साक्षीदार दिला, भास्कर. भास्कररावांना त्या वर्षी बढती मिळायची होती. त्यांनी जबाबात लिहिलं, 'मला स्मरत नाही.' अनिलच्या दोन वेतनवाढी कायमच्या गेल्या, गुहागरला बदली झाली आणि पेन्शनही त्या हिशेबानं कमीच बसली. तो भांडला नाही. जाताना टेबलाचा खण रिकामा केला आणि किल्ली भास्कररावांच्या हातात दिली, एवढंच. त्यानंतर परिपत्रकं तेवढी जात राहिली, वर कधी 'कसा आहेस' एवढी ओळसुद्धा नसे.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. भास्कररावांनीच घेतला.

"हेमावैनी हायत काय? मी दमयंती बोलतंय, गुहागरसून. भावोजींचा काय कळला काय म्हनून..."

"वहिनी, मी भास्करच बोलतोय."

पलीकडे तिनं मोठा श्वास सोडला. "आलात! बरा झाला बाय. ह्यांचा चार दिवस जेवनात लक्ष नव्हता. पैसे येळेवर मिळाले ना? तुमचा पत्र आला नि त्याच दिवशी ब्यांकेत जावन भरलान. मी बोलले, कोनाला तरी इचारा. तर बोलले, भास्करान अकरा वर्सांनी तोंड उघडलान, आता इचारत बसू?"

इथे खरं सांगायचं होतं. ते भास्कररावांच्या जिभेवर आलंही होतं. पण तिच्या आवाजात एवढा आनंद होता की ते म्हणाले, "परवा येतो मी. येऊन बोलतो." आणि फोन ठेवून खुर्चीत बसले.

"किती भरले?" हेमानं विचारलं.

"विचारलं नाही. पेन्शनच्या फरकाचा हप्ता आलाय सगळ्यांना. तोच असणार. त्याचं परिपत्रक मीच पाठवलंय."

हेमा शेंगा निवडत होती, ती थांबली नाही. "मग हप्ता नेऊन द्या. आणि काय असेल ते स्पष्ट सांगा. नाहीतर सांगूच नका. मी मागितले होते, मिळाले, हे घे परत, असं म्हणालात तर कोणाचं काय जातंय? तो तरी खूश राहील."

दोन दिवस भास्कररावांनी याच गोष्टीचा विचार केला. हेमा म्हणत होती ते सोपं होतं. मित्रानं अकरा वर्षांचा राग गिळून पैसे दिले होते, कारण मित्रानं मागितले होते. मागितलेच नव्हते म्हटलं की त्या देण्यातलं काय उरणार? आणि तसं सांगितलं नाही, तर अनिलच्या बाबतीत दुसऱ्यांदा खोटं बोलणं झालं. विचार करून करून डोकं जड झालं. शेवटी ते बँकेतून स्वतःच्या हप्त्याचे चाळीस हजार काढून, पाकिटात घालून, सकाळच्या एसटीत बसले. चिपळूणला गाडी बदलली. कंडक्टरनं "कुठे?" विचारलं तेव्हा सवयीनं ते आता कोणी लंडन म्हणतंय का याचीच वाट बघत होते.

अनिलचं घर पोफळीच्या बागेच्या कडेला होतं. तो ओटीवर सुपारी सोलत बसला होता. केस सगळे गेले होते, खांदे उतरले होते. भास्कररावांना बघून तो उठला, पाणी आणायला हाक मारली आणि म्हणाला, "बस. दमला असशील. लंडनचा इमान किती तासांचा असता?"

भास्कररावांनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि प्यायच्या आधीच बोलले. "अनिल, मी लंडनला गेलो नव्हतो. ते पत्र मी लिहिलंच नाही. कोणीतरी चोरानं माझ्या नावानं लिहिलं."

दमयंती दारात उभी होती. ती तशीच राहिली. अनिल सुपारी सोलायचा थांबला.

"म्हंजे तू मागितले नव्हतेस."

"नाही."

"माझ्या एकट्याच्या नावान लिवलेला नव्हता काय?"

"त्रेसष्ट जणांना गेलं होतं."

"नि भरले किती जणांनी?"

"तू एकट्यानं," भास्करराव म्हणाले.

भास्कररावांनी पाकीट काढून ओटीवर ठेवलं. "माझ्या मूर्खपणानं गेले. नाही म्हणू नकोस."

"नाय म्हननार नाय," अनिल म्हणाला. "मना परवडायचे नाय ते." त्यानं पाकीट दमयंतीकडे दिलं. ती ते पदराखाली धरून आत गेली आणि आत भांड्यांचा आवाज जरा जोरातच झाला. तिचंही बरोबर होतं.

अनिलनं पुन्हा सुपारी हातात घेतली, पण सोलली नाही. "पत्र वाचला तेव्हा शंका आलेली मना. वर इषय नाय, संदर्भ नाय. तू तर डबा इसरलास तरी चिठ्ठीवर संदर्भ घालनारा मानूस. नि एकदम 'डियर फ्रेंड'. मी बोललो, केवढा घाबरला असंल, संदर्भ घालायचा सुदिक राह्यला." तो किंचित हसला. "ब्यांकेत काउंटरवर पोरगी होती. ती बोलली, काका, असली पत्रा खोटी असतात. आधी फोन लावून बघा. मी बोललो, त्यानं घरी कळवू नको म्हनून लिवलाय. तर ती बोलली, तुम्ही त्यांना चांगले ओळखता ना?"

"मग?"

"मंग काय. ओळखत नाय, आठवत नाय, असा बोलून घरी येता आला असता. पैसे वाचले असते. पन कोनी तसा बोलला की दुसऱ्याचा काय होता, ता मना म्हायती होता. बोललो, ओळखतो. भरून घे."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर भास्कररावांना सोसला असता. ते खाली सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिले. येताना गाडीत त्यांनी पैशांचं काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, ह्याचं काही घोकलं नव्हतं. त्यांना एवढं थकल्यासारखं वाटत होतं की आता लपवून ठेवायलाही अंगात जोर नव्हता.

"मला आठवत होतं," ते म्हणाले. "साहेबांनी माझ्यासमोर सांगितलं तुला, फाईल बंगल्यावर आणून दे म्हणून. मंगळवार होता."

"चौदा जुलै."

"चौदा जुलै. मला सगळं आठवत होतं रे. मी बढतीसाठी लिहिलं तसं. आणि मग लाज वाटली म्हणून आलो नाही. बाकी काही कारण नाही."

अनिलनं मान हलवली. राग आला, बरं वाटलं, काहीच त्याच्या तोंडावरून कळेना. तो उठून आत गेला. भास्कररावांना वाटलं, संपलं, आता उठावं. चिपळूणची गाडी किती वाजता आहे ते आठवू लागले. तेवढ्यात अनिल बाहेर आला. त्याच्या हातात एक कोरा कागद, पेन आणि टेकायला जुन्या फायलीचा पुठ्ठा होता.

"बोललास ता झाला. आता लिवून दे."

"अनिल, आता ह्याचा काय उपयोग? साहेब जाऊन चार वर्षं झाली. कचेरीत ते कागदसुद्धा कोणाला सापडायचे नाहीत."

"माझ्याकडे हायत सगळे. फायलीत तुझ्या जबाबाची नक्कल हाय. तिच्यावर हा लावायचा." तो बाजूला बसला. "वेतनवाढ नको मना. पोरा कधी फाईल उघडतील तर वरचा कागद हा दिसूदे."

भास्कररावांनी पुठ्ठा मांडीवर घेतला. संघटनेचे चिटणीस म्हणून त्यांनी हजारो पत्रं लिहिली होती, पण असं एकही नाही. वर त्यांनी विषय लिहिला. खाली संदर्भ लिहिला, चौकशीचा क्रमांक त्यांना अजून पाठ होता. मग चार ओळी. अमुक दिवशी अमुक साहेबांनी माझ्यासमक्ष तोंडी आदेश दिला, तो मी ऐकला. माझ्या जबाबात मला स्मरत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. श्री. अनिल भुवड यांचा त्यात काहीही दोष नव्हता. त्यांनी सही केली आणि कागद पुढे केला.

अनिलनं दमयंतीला चष्मा आणायला सांगितलं. ती घेऊन आली आणि त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. त्यानं कागद एकदा वाचला, मग बोट ठेवून पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यानं काही खटपट केली नाही.

"तारीख घातली नायस," तो म्हणाला आणि कागद परत दिला.

भास्कररावांनी सहीखाली आजची तारीख घातली. आत दमयंतीनं तिघांची पानं मांडली होती.