ऑनिंग सरळ झाल्यावर बघू

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो. लोकांनी घाम गाळून केलेले पार्ट हातात घ्यायचे, मापाचा गेज लावायचा आणि रिजेक्ट म्हणायचं, याचा मला पगार मिळायचा. असं काम वर्षानुवर्षं केलं की माणसाला घरातली चपातीसुद्धा गोल दिसत नाही. जयमाला, म्हणजे माझी बायको, लग्नानंतर सुरुवातीला यावर रडायची, मग भांडायला लागली, आता नुसतं "व्हय का" म्हणते. तिच्या "व्हय का"ला मी भितो.

रिटायर झाल्यावर मी कॅरॅव्हॅन बनवून घेतली. गाडीमागं जोडून ओढायची चाकांवरची खोली. आत पलंग आहे, ओटा आहे, बेसिन आहे. भारत फिरायचा होता. आजवर ती आळंदीपर्यंत जाऊन आली आहे. बाकीचा वेळ ती निघोज्यात, आमच्या घरामागच्या तुकड्यात, लिंबाच्या झाडाशेजारी उभी असते आणि भावकी येताजाता विचारते, "काय सोपानराव, काश्मीरला थंडी होती का?"

कॅरॅव्हॅनच्या दाराच्या वर एक लांब पेटी आहे, तिच्यात ऑनिंग. ऑनिंग म्हणजे पाइपवर गुंडाळून ठेवलेलं कापडी छत. हँडल फिरवलं की दोन लोखंडी हात पुढं पसरतात, कापड उलगडतं आणि खाली सात-आठ माणसं बसतील एवढी सावली होते. आमचं ऑनिंग दसऱ्यानंतर वाकडं चालायला लागलं. बंद करताना डावं टोक आधी पेटीत शिरायचं आणि उजवं टोक वीतभर बाहेर राहायचं. दुसरा कुणी असता तर राहू दे म्हणाला असता. मला जेवण जाईना.

आणि याच ऑनिंगखाली माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी व्हायची होती.

सायली, माझी एकुलती एक. हिंजवडीत नोकरी करते, मारुंजीला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहते. ऑफिसात तिला संघर्ष नावाचा मुलगा आवडला. पोरगा चांगला आहे, माझ्यापेक्षा हळू आवाजात बोलतो आणि माझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतो. त्याचे आईवडील रहाटणीला असतात. वडील धोंडीबा पिंपरीत कारखान्यात होते, आई सोजरबाई. त्यांच्या घरात बुद्धवंदना, आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा. एवढं सांगितलं की आमच्याकडं पुढचं कुणी विचारत नाही, नुसतं तोंडाकडं बघत बसतात. पण मी हो म्हटलं होतं. मोठ्या मनानं म्हटलं होतं, निदान चेहरा तरी तसा केला होता.

फक्त बोलणी घरात नको, मागं कॅरॅव्हॅनपाशी करू, असं मी सुचवलं. मोकळी हवा, झाड, काहीतरी वेगळं. सोयरिकीची बोलणी बैठकीत होतात. घर मोकळं ठेवून पाहुण्यांना मागच्या रानात बसवल्याचं आमच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नसेल. पण आमच्या ओसरीला लागून चुलतभाऊ अण्णासाहेबाची ओसरी, आणि तिच्यावर दिवसभर खुर्ची टाकून बसलेला खुद्द अण्णासाहेब. पाहुणे पुढच्या दारानं आले की तो विचारणार, कोण? मागच्या वाटेनं आणले की प्रश्नच मिटला. हे मी स्वतःशीसुद्धा असं उघड बोललो नव्हतो बरं का. मला वाटायचं, मला खरंच हवा आवडते.

"घरात का न्हाई?" जयमालानं विचारलं.

"घरात काय, सगळेच बसतात."

"व्हय का," ती म्हणाली आणि कणीक मळायला गेली.

पहिल्या रविवारचं ठरलं होतं. आदल्या दिवशी ऑनिंगचा वाकडेपणा परत माझ्या नजरेत भरला आणि मी सायलीला फोन केला, "पुढच्या रविवारी ठेवू. ऑनिंग सरळ झाल्यावर बघू."

"पप्पा, छताचं काय एवढं?"

"पाहुण्यांना वाकड्या छताखाली बसवू? लोक काय म्हणतील?"

मग मी कामाला लागलो. कंपनीत आमची एक पद्धत होती, व्हाय-व्हाय. बिघाड झाला की "का" विचारायचं, उत्तर आलं की त्यालाही "का" विचारायचं, असं करत मुळाशी जायचं. मी ऑनिंगसमोर स्टूल टाकून एकटाच का-का करत बसलो. जयमालानं दोनदा बाहेर येऊन बघितलं, कुणाशी भांडतोय म्हणून. माझ्या सगळ्या "का"चं उत्तर शेवटी एकच यायचं: ज्यानं बनवलंय तो गाढव आहे. त्याला फोन करून मी तसं सांगितलंही. त्यानं शांतपणे फोन ठेवला.

उजव्या हाताची स्प्रिंग ढिली वाटली, ती आवळली. तरी वाकडं. ते हात पत्र्याला धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटखाली वॉशर घातले. तरी वाकडं. मग डावं ब्रॅकेटच चुकीच्या जागी आहे असा निकाल देऊन ते काढलं आणि अर्धा इंच वर नवी भोकं पाडून बसवलं. यात दुसराही रविवार गेला. पाहुण्यांना परत फोन गेला. या वेळी तो सायलीनं केला आणि मला काही बोलली नाही. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

तिसऱ्या आठवड्यात ऑनिंग सरळ झालं. अर्ध्यावर उघडून बंद केलं तर दोन्ही टोकं एकदम पेटीत. मी पातळी बघायची लेव्हल लावून बघितली, बुडबुडा मधोमध. त्या दिवशी मी जयमालाला चपाती गोल झालीय म्हणालो.

शनिवारी सायली आली. मी तिला मोठ्या कौतुकानं मागं घेऊन गेलो. ती ऑनिंग बघत नव्हती. कॅरॅव्हॅनच्या ओट्यावर मी आणून ठेवलेलं कागदी कपांचं पाकीट बघत होती.

"हे कशाला?" ती म्हणाली.

"बाहेर बसायचं ना. धुवायची कटकट नको."

"आत्याच्या घरचे आले होते तेव्हा याच झाडाखाली हुरडा पार्टी केली आपण. तेव्हा घरातले कप आणले होते."

मी म्हणालो, तेव्हा हे कप मिळत नव्हते. एवढं फालतू उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं, आणि ऑडिटवाल्यांना मी बरीच फालतू उत्तरं दिलेली आहेत.

"पप्पा, तुम्हाला ती माणसं नको असतील तर तसं सांगा," सायली म्हणाली. "मी संघर्षला सांगीन. पण छताच्या मागं लपू नका."

"लपतोय कुठं? बघ की किती सरळ केलंय."

"बघतेच," म्हणून तिनं हँडल धरलं आणि फिरवायला सुरुवात केली. रागात होती. दसऱ्यापासून मी ते कधी पूर्ण उघडलं नव्हतं. वाकडं चालतंय ते आणखी कशाला उघडायचं, म्हणून अर्ध्यावरच थांबायचो. तिनं शेवटपर्यंत फिरवलं. पेटीतून काहीतरी सुटलं आणि माझ्या डोक्यावर पडलं.

झेंडूचा हार. वाळून काळपट झालेला, चेपून पापडासारखा चपटा, मध्ये आंब्याची पानं.

दसऱ्याला मी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली होती. पान्यांना हळदकुंकू, ड्रिल मशीनला फूल, मोटरसायकलला हार. आणि कॅरॅव्हॅन नवीन म्हणून ऑनिंग पूर्ण उघडून तिच्या दारावर, बरोबर डाव्या टोकाला, पाइपलाच तोरण बांधलं होतं. संध्याकाळी आभाळ भरून आलं तसं घाईनं हँडल फिरवलं आणि तोरणासकट सगळं आत गुंडाळलं. डावीकडं पाइप जाड झाला, कापड तिकडून आधी ओढलं जायला लागलं. गाढव कोण ते कळलं. फोन ठेवणारा कारागीर तर नव्हताच.

सायली हसली. हसू तिला आवरेना. मीही हसलो, म्हटलं सुटलो. मग हार काढून ऑनिंग बंद करून बघितलं, तर आता उजवं टोक आधी आत आणि डावं बाहेर. तोरणाच्या हिशेबानं मी सगळं यंत्र जुळवलं होतं, आता तोरण गेलं तर यंत्र वाकडं.

"उद्या एक दिवस मिळाला तर..." मी सुरू केलं.

तिचं हसू तिथंच थांबलं. "उद्या ते येणारेत. तुम्ही परत पुढं ढकललंत तर आम्ही दोघं कोर्टात लग्न करू, आणि मी या घरी परत येणार नाही. आई मला भेटायला येईल. तुम्ही ऑनिंग दुरुस्त करा."

ती आवाज न चढवता बोलली. माझ्यावर गेली असती तर मला समजावता आलं असतं. तरी मी काय केलं? अंधार पडायच्या आत डावं ब्रॅकेट पुन्हा काढलं आणि आणखी भोकं पाडली. कॅरॅव्हॅनचा पत्रा तो किती जाड असणार? त्या जागेची चाळणी झाली होती. मी वर पट्टी मारली आणि रंग दिला.

रविवारी दुपारी पाहुणे आले. ऑक्टोबरचं ऊन, डोकं भाजून निघत होतं. मी त्यांना शेजारच्या कारखान्याच्या कंपाउंडकडच्या मागच्या वाटेनं आणायला संघर्षला सांगून ठेवलं होतं. गाडीतून धोंडीबा उतरले. मी रात्रीपासून घोकून ठेवलेलं "जयभीम" म्हणालो आणि नेमके त्याच वेळी ते "राम राम" म्हणाले. त्यांनीही घोकलं असणार. दोघंही ओशाळलो आणि हात जोडून उभे राहिलो.

ऑनिंगखाली खुर्च्या मांडल्या होत्या, पाठ घराकडं येईल अशा. सोजरबाई बसल्या, पदर सावरून. सायली संघर्षच्या शेजारी उभी. जयमाला अजून घरातच होती. चहा घेऊन ये म्हणून मी दोन हाका मारल्या, ती काही आली नाही. मी हवेबद्दल बोलत होतो. इथली हवा कशी शुद्ध, कारखाने एवढे जवळ असूनही कशी शुद्ध. तेवढ्यात डावीकडं कर्रर्र आवाज झाला. पट्टी, रंग, ब्रॅकेट, सगळं पत्र्यातून उपटून आलं आणि ऑनिंगचा दांडा धोंडीबांच्या खांद्यावर.

धोंडीबांनी एका हातानं तो तोलला. संघर्षनं धावत येऊन दुसरी बाजू धरली. कुणाला लागलं नाही. मी स्टुलावर चढलो, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि म्हणालो, "दोन मिनिटं फक्त. धरून ठेवा."

होणारा जावई आणि त्याचा बाप उन्हात दांडा धरून उभे. सोजरबाईंच्या निम्म्या अंगावर ऊन आलं होतं. त्यांनी खुर्ची सरकवली नाही. माझ्याकडं वर बघत त्या म्हणाल्या, "भाऊ, घर कुठं हाय तुमचं?"

घर त्यांच्या पाठीमागं होतं. येताना सगळ्यांनी बघितलं होतं.

"हे काय, मागंच," मी म्हणालो.

"मग आमी हितं का बसलोय?"

आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. हवा, झाड, काहीतरी वेगळं, ही तिन्ही उत्तरं मी मनातल्या मनात रिजेक्ट केली. सायली माझ्याकडं बघत होती. मी स्टुलावरून खाली उतरलो.

"मला भीती वाटली, ताई," मी म्हणालो. "भावकी काय म्हणंल याची. म्हणून तुम्हाला हितं बसवलं. बाकीचं सगळं खोटं."

धोंडीबांनी हळूच दांडा खाली ठेवला. संघर्षनं सायलीकडं बघितलं. माझा चेहरा असा तापला होता की उन्हाला दोष देता आला नसता.

सोजरबाई उठल्या. "भीती घरात बसून बी वाटंल की," त्या म्हणाल्या. "चला, ऊन लागतंय."

आम्ही निघालो. मागच्या दाराची वाट जवळ होती, पण मी वळसा घालून पुढून नेलं. अण्णासाहेब ओसरीवर खुर्चीत होता. बघितल्याबरोबर नीट बसला.

"कोण पाव्हणं, सोपानराव?"

सायलीच्या ऑफिसातली मंडळी, हे उत्तर माझ्या जिभेवर कधीचं तयार होतं.

"व्याही," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच. गल्लीतली दोन दारं उघडली.

अण्णासाहेब खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला. मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, जिंकलो बुवा. तेवढ्यात पुढं चालणाऱ्या सोजरबाई थांबल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "अजून कशाचं व्याही, भाऊ? आजवर आमीच तुमच्या फोनची वाट बघितली. आता आमी घर बघू, माणसं बघू, मग सांगू."

"व्हय, व्हय, बरोबर आहे," मी म्हणालो. ही माणसं आपल्याला नाही म्हणू शकतात, हे इतक्या दिवसांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं.

दारात जयमाला तांब्या-पेला घेऊन उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे. तिनं सोजरबाईंना आत घेतलं, बसवलं, पेला भरून हातात दिला. सोजरबाईंनी तो हातात धरला आणि बैठकीकडं नजर फिरवत राहिल्या. त्या पाणी पितात की नाही, ते बघत मी उंबऱ्याबाहेरच उभा राहिलो.