गच्चीवरची वायर

भवानी पेठेतले यंत्रमाग वर्षभरात एकेक करून बंद पडले, तसे सोमशेखरच्या केबलचे ग्राहकही गळाले. आधी लोकांनी वाहिन्या कमी केल्या, मग बॉक्सच परत आणून दिले. "मोबाइलवर दिसतंय की सगळं," म्हणायचे. सहाशे घरांतली दीडशे उरली.

शेजारच्या गल्ल्यांत जोतीरामची केबल होती. वेगळे होण्याआधी बारा वर्षं दोघांनी भागीदारीत धंदा केला होता, एकमेकांच्या वरातीत नाचले होते. आता जोतीरामचीही घरं सुटत चालली, आणि तो सोमशेखरच्या वायरी कापू लागला. एखाद्या घरातलं चित्र गेलं, की दुसऱ्या दिवशी जोतीरामचा माणूस आपली केबल जोडून द्यायला त्या दारात उभा असायचा.

एका दुपारी चंद्रव्वांचा फोन आला. त्यांचा नवरा चनबसप्पा माग बंद पडला त्याच महिन्यात लकव्यानं आडवा झालेला. सोमशेखर तेव्हापासून त्यांना केबल फुकट देत होता.

"सोमू, टीव्ही बंद पडलाय बघ. आन् गच्चीवर कोन तरी चालतंय."

तो धावतच जिना चढला. गच्चीवर जोतीराम कटर घेऊन वाकलेला.

"आजारी म्हाताऱ्याचा टीव्ही हाय रे त्यो," सोमशेखर म्हणाला. "येवढं एक घर तरी सोड."

"मला कोन सोडतंय?" म्हणत जोतीरामनं दुसरी वायर तोडली.

सोमशेखरनं त्याला मागं ढकललं. जोतीरामनं कटर फिरवला आणि सोमशेखरचा कान अर्धा लोंबकळला. मानेवरून गरम रक्त सदऱ्यात उतरलं. सोमशेखरनं त्याच्या तोंडावर गुद्दा हाणला, दुसरा हाणला. तिसऱ्याला जोतीरामचं डोकं पाण्याच्या टाकीवर आपटलं. कटर हातातून सुटला. गुडघ्यांवर बसून, तुटक्या दातांनी रक्त थुंकत त्यानं हात जोडले.

"सोमू, बास. बास की."

सोमशेखरनं ऐकलं. तरीही खाली पडलेली वायर उचलून त्यानं त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे घातले आणि पाठीत गुडघा रोवून आवळली. जोतीरामच्या टाचा फरशीवर घासत राहिल्या. चेहरा काळानिळा पडला.

"सोड! मरतोय त्यो!" जोतीरामनं हात जोडले तेव्हाच चंद्रव्वा जिना चढून वर आल्या होत्या. सोमशेखर सोडेना, तेव्हा कपडे वाळत घालायच्या काठीनं त्यांनी त्याच्या मनगटावर सगळा जीव लावून हाणलं. हाड मोडल्याचा आवाज झाला आणि पकड सुटली.

जोतीराम वाचला, पण त्याचा आवाज कायमचा गेला.

कोर्टात सोमशेखरच्या वकिलाची सगळी भिस्त चंद्रव्वांवर होती. जीव वाचवायला त्यानं हात उचलला, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "त्यानं हात जोडले हुते. मग ह्यानं वायर आवळली."

"ह्यानंच तुम्हाला फुकट केबल दिली ना?" वकिलानं आवाज चढवला.

"दिली की. लेकावानी हाय मला. पर डोळ्यानं बघितलं ते कसं गिळू?" त्या रडू लागल्या.

वकील पुन्हा सरसावला, तेवढ्यात सोमशेखर उठला.

"अव्वांना आनी काय इचारू नका," तो म्हणाला. "साहेब, त्या खरं बोलतायत. मला ऐकू आलं हुतं, तरी मी थांबलो न्हाय."

त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.