जादा पाळ्या वगळून

"ताटली ठेवू कुठे मी? डोक्यावर?" वॉल्ट कुरकुरला. जेवणाच्या टेबलावर कोरीनच्या कॉलेजचे कागद पसरले होते. मोरीननं एक गठ्ठा उचलून नवऱ्याला जागा करून दिली. सहीच्या कागदाला मात्र तिनं हात लावला नाही.

लेकीला लवकरचा अर्ज करायचा होता. त्यात प्रवेशाची आशा जास्त, पण निवड झाली की तिथंच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दुसरं एखादं कॉलेज फीसाठी जास्त मदत देतंय का, हे बघायची सोयच नाही. पालकांची सही उद्यापर्यंत हवी होती.

मोरीन दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात उभी राहून आली होती. तरी खर्चाचा अंदाज काढायला तिनं कॉलेजच्या वेबसाइटवर घरची मिळकत पुन्हा भरली, या खेपेला आपल्या जादा पाळ्यांचे पैसे वगळून. मदत वजा करूनही घरानं भरायचा आकडा आला वर्षाला सव्वीस हजार डॉलर.

"आई, अकराव्यांदा भरतेयस. त्या कॉम्प्युटरला आपली दया येणारे का?" कोरीन हसली, पण तिची नजर पेनवर होती.

"आणि जादा पाळ्या काय भुतानं केल्या?" वॉल्ट म्हणाला. "पेन चालतंय का बघा आधी."

"चालतंय, बाबा. कालच तपासलंस की तू."

मोरीननं पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि वॉल्टच्या ताटलीशेजारी ठेवून दिलं.

"मी सही नाही करत, बाळा," ती म्हणाली. "त्यांनी तुला घेतलं, तरी आपल्याला झेपणार नाही."