करारावरचे दुसरे नाव

मित्रांनो, माझ्या नंबराची पाटी काळी आहे आणि तिच्यावरचे आकडे पिवळे आहेत. म्हणजे मी भाड्याने मिळते आणि मला नेणाऱ्यानेच मला चालवायचे असते. मी एक जुनी मोटार आहे. कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी मी उभी असते.

कारखान्यातून आले तेव्हा मी लख्ख पांढरी होते. माझे मालक बापूसो यांनी मला आधी बस्तीसमोर, म्हणजे जैन मंदिरासमोर, नेले, हळदकुंकू वाहिले आणि मगच दारात आणले. मला घेऊन लोक मुली बघायला गेले, बाळंतिणीला माहेरी सोडायला गेले. पोरांनी माझ्या गादीवर चुरमुरे सांडले. घाट चढताना मला कधी धाप लागली नाही, म्हणून बापूसो माझे कौतुक करायचे. आता रंग उडाला आहे, एक दार ओढून लावावे लागते. नवी गाडी शिल्लक असली की मला कुणी विचारत नाही.

बापूसोंचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून तोच आहे. करारावर ज्याचे नाव, त्यानेच गाडी चालवायची. नवरा असो की बायको, दुसरे कुणी चालवणार असेल तर परवाना दाखवून त्याचेही नाव लिहायचे. नाहीतर अपघात झाल्यावर विमा कंपनी हात वर करते.

एका रविवारी धैर्यशील आणि अनुजा हे जोडपे आले. ते कोडोलीचे. तो कारखान्यात लेथवर काम करायचा, ती घरच्या दुधाचा टेम्पो चालवायची. लग्नाला बरीच वर्षे झाली, पण दोघेच असे कुठे गेले नव्हते. दाजीपूरचे जंगल बघायचे ठरले होते. बापूसोंनी वहिनींचे नाव घालायचे का, असे विचारले. अनुजाने पर्समधून परवाना काढलासुद्धा. धैर्यशीलने हसून तिचा हात मागे सारला.

"रोज पहाटे उठून टेम्पो हाणतीया. आज तिनं निवांत खिडकीत बसायचं."

त्यात कमीपणा नव्हता, मायाच होती. ती लाजून बसली.

जाताना ती सारखी बाहेर बघत होती आणि तो तिच्याकडे. राधानगरीच्या पुढे दोघांनी माझ्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. परत फिरलो आणि जंगलातल्या एका वळणावर त्याचा हात स्टिअरिंगच्या चाकावरून घसरला. त्याने कशीबशी मला कडेला घेतले. छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते म्हणाला. घामाने त्याचा शर्ट भिजला.

अनुजा म्हणाली, "सरका तिकडं. मी चालवते."

"नगं. तुझं नाव न्हाय लिहिलेलं. गाडी दुसऱ्याची हाय. जरा बसतो, जाईल."

धैर्यशील आयुष्यभर नेमाने वागलेला माणूस. दुसऱ्याच्या वस्तूला ओरखडा येऊ नये म्हणून जपणारा. त्याचे ऐकायची तिलाही सवय होती. तिने बापूसोंना फोन लावून पाहिला, रेंज नव्हती. फोन उंच धरून ती वळणापर्यंत पळाली, परत आली, पुन्हा पळाली. रस्त्याला दुसरी गाडी फिरकली नाही. मित्रांनो, माझे इंजिन गरम होते, टाकीत तेल होते. नुसती किल्ली फिरवायची होती.

अखेर त्याचे ओठ पांढरे पडलेले तिने पाहिले आणि काही न बोलता त्याला डाव्या बाजूला ओढून घेतले. माझे चाक तिने हातात धरले, तेव्हाच मला कळले की हा हात सरावाचा आहे. खड्डा आला तरी त्याला हिसका बसू दिला नाही. वाटेत त्याने डोळे उघडले, तिच्या हातांकडे बघत राहिला.

"चांगलं चालवतीस की," एवढेच म्हणाला.

दवाखान्यात पोचलो. थोडे आधी यायला हवे होते, असे डॉक्टर हळूच म्हणाले.

त्याचे दिवसकार्य उरकल्यावर अनुजा बापूसोंकडे आली. नाव नसताना आपण गाडी चालवली, हे तिने आल्या आल्या सांगून टाकले. मग विचारले, "मी लगेच चालवली असती, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

बापूसोंनी हातातली करारांची वही मिटली.

"काय म्हणणार, वैनी? काय बी म्हटलं नसतं."

ती रडली नाही. माझ्या दाराला टेकून उभी राहिली.

मित्रांनो, तो नियम वाईट नाही. तुमचे आईबाबा भाड्याची गाडी घेतील तेव्हा दोघांचेही परवाने पुढे ठेवायला सांगा, दुसरे नाव लिहायला लावा. चालवायची वेळ येणार नाही असे वाटले तरी लिहा. आणि माणसाचा जीव घाबरा झाला, तर कागदाची वाट बघू नका.

आता बापूसो दोन नावे लिहिल्याशिवाय कुठल्याही जोडप्याला किल्ली देत नाहीत. तरी एखादा नवरा हसून म्हणतोच, राहू द्या की, मी आहे ना. त्या वेळी मला जोरात हॉर्न वाजवावासा वाटतो. पण हॉर्नला माणसाचा हात लागतो.